टॉवेलवर फासे

घणसोली, सेक्टर सात, तिसरा मजला.
शनिवार, सव्वाअकरा.
टीपॉयवर टॉवेल, चारपदरी घडी घालून,
फासे त्याच्यावर टाकायचे.
वेफर्सची पाकिटं जिन्यातच कात्रीने कापून आणलीत.
आत वैदेही झोपलीय,
सलग तीन रात्री आयसीयूत काढून आलेली,
आणि सिडकोच्या भिंतीला कान नसतात,
ती भिंत म्हणजे अख्खा कानच.

मी गेममास्तर.
माझ्या किल्ल्यात काळोख, दोन खांब,
दुसऱ्यापाशी पहारेकरी, भाल्यावर रेललेला.
पहिल्याआड रोहिदासचा मांत्रिक.
रोहिदास म्हात्रे, दिवागावचा,
मासळीच्या लिलावात ह्याची बोली
खाडीपार मुलुंडला पोचते असं आम्ही म्हणतो.
'निजमंत्र,' तो म्हणाला. 'हलूच.'
ते 'हलूच' निदान चौथ्या मजल्यापर्यंत गेलं असावं.

मी म्हटलं, नियम आहे.
मंत्र स्पष्ट म्हणायचा, खणखणीत,
पुटपुटलेला लागू पडत नाही.
आणि म्हटलास की पहारेकरी ऐकणार.
लपायचं तर मुकं राहा,
जादू करायची तर सापड.

देवव्रत उपाध्येने चष्मा पुसला.
वडील नौपाड्यात भिक्षुकी करतात,
हा महाप्यात लोकांचे पगार काढतो.
'जप तीन तऱ्हेचा,' म्हणाला.
'वाचिक, तो सगळ्यांना ऐकू जातो.
उपांशु, ओठ हलतात, ऐकू फक्त आपल्याला.
मानस, त्यात ओठही नाहीत.
आणि फळ उलट वाढत जातं.
तुझ्या पुस्तकाने यादी खालून वाचलीय.'

'पहारेकऱ्याला त्याचं काय?' माजिवड्याची फ्लॉरी परेरा.
'त्याला ऐकण्याचाच पगार आहे.'

हे सगळं कुजबुजत.
कुजबुजत भांडताना हात फार हलतात,
एक पाण्याचा ग्लास जाता जाता वाचला.

शेवटी मी निकाल दिला:
तू इथे म्हणशील जेवढ्याने, तिथेही तेवढ्यानेच.
ते दार हललं
तर पहारेकरी जागा.

रोहिदासने दाराकडे पाहिलं.
'मना हलू बोलाला नाय जमत.'
मग खिशातून बर्फाच्या गाडीची पावती काढली,
मंत्र तिच्या पाठीवर लिहून आणला होता, स्वतः रचून:
नीज रे दगडा, नीज रे दारा,
नीज रे भाल्याच्या टोका.

नेमका तेव्हाच फ्रीज थरथरून थांबला.
तोवर तो चालू होता हे कुणाला माहीत होतं.
फ्लॉरीने तोंडातला वेफर
चावायचा तसाच ठेवला.

रोहिदासचे ओठ हलले.
एवढा थोरला देह, त्याची घाटी वर गेली, खाली आली,
मानेवरची शीर फुगली, जशी लिलावात फुगते,
आणि बाहेर काही नाही.
दगड कळला. दार कळलं.
भाल्याच्या टोकापाशी त्याचे डोळे मिटले.
मग त्याने वीस बाजूंचा फासा टॉवेलवर
टाकला असं म्हणवत नाही,
अंडं ठेवावं तसा घरंगळू दिला.

कडी वाजली.
वैदेही दारात, केस सुटलेले, एका पायात सपाता.

'सॉरी,' मी म्हटलं, 'आम्ही आवाज...'
'आवाजाचं काही नाही.
तुम्ही बोलत होता तोवर गाढ झोपले होते.
एकदम गप्प झालात.'
तिने डोळे चोळले.
'वॉर्डात असं गप्प झालं की
माझे पाय आधी उठतात, मी मागून.'

कुणाला काय बोलावं सुचेना.
देवव्रत सुद्धा शास्त्रात काही शोधत नव्हता.
ती टीपॉयवर वाकली.
उजेड कमी होता, तिला दिसेना.
'किती पडले?'

'सतरा!' रोहिदास म्हणाला,
वाचिक.
खाली गेटवरचं कुत्रं भुंकलं,
समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी दिवा लावला.

ती खुर्ची ओढून बसली, वेफर्स मागितले.
माझा पहारेकरी अजून दुसऱ्या खांबापाशी आहे.
सतरा म्हणजे मंत्र लागला.
दार हललं म्हणजे तो जागा.
मी पुस्तक उघडून बसलोय,
पान शोधायचं सोंग करत.